बदलत्या बाजारात कारखाना कोणाचा?

(पुसद येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९९१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, एका महिन्याच्या अंतराने, दोन घटना घडल्या. २५ जूनला पुसद तालुक्यातील गहुलीचे सुधाकरराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. २४ जुलैला दिल्लीत नरसिंह राव सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले व १८ उद्योग वगळता इतर सर्व उद्योगांवरील परवान्याची सक्ती उठविली. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध नाही. तरीही पुसदच्या माणसाने त्या जोडीनेच ध्यानात ठेवाव्यात. याच गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, १९६३ ते १९७५ या काळात, शेतमालाची सरकारी खरेदी, सहकारी प्रक्रिया व शासनाचे भागभांडवल या तीन खांबांवर ग्रामीण महाराष्ट्रातील उद्योगाची इमारत वर चढली. पुतण्या मुख्यमंत्री झाला त्या वेळी ते खांब ज्या जमिनीवर उभे होते ती जमीनच हलू लागली होती. बाजारव्यवस्थेकडे होणाऱ्या स्थित्यंतरात कारखाना स्वतःला कसा बदलतो, या प्रश्नाची चर्चा करायला म्हणूनच पुसदइतके योग्य ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

हा प्रश्न विचारताना दोन सोयीस्कर उत्तरे आधी बाजूला सारली पाहिजेत. एक उत्तर असे की, सरकार बाजूला झाले, स्पर्धा आली, म्हणून कर्तबगार कारखाने तरले व नालायक बुडाले. दुसरे उत्तर असे की, सरकार बाजूला झाले म्हणूनच सारे बुडाले. ते बाजूला झाले नसते तर सर्व काही सुरळीत चालले असते. पहिले उत्तर व्यापारी मंडळात टाळ्या मिळविते, दुसरे समाजवादी सभेत. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. कारखान्याचा मालक कोण होता, हे दोन्हीही विचारीत नाहीत.

जुन्या व्यवस्थेत कारखान्यापुढे कोणते प्रश्न होते ते प्रथम पाहावे. उत्पादन किती करायचे हे परवान्यावर लिहिलेले असे. कच्चा माल कोठून व काय भावाने घ्यायचा याचा निर्णय बहुधा वर होई. तोटा आला तर शासकीय हमी, कर्जाचे पुनर्बांधणीकरण व नवे भागभांडवल यांचे मार्ग खुले असत. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी आपल्या देशातील सरकारी कारखान्यांचा अभ्यास करून १९८० च्या सुमारास या अवस्थेचे मर्म सांगितले. खर्च मिळकतीपेक्षा वाढला तरी कोणीतरी फरक भरून देईल अशी खात्री असली, की कारखान्याचे अंदाजपत्रक सैल होते. मग व्यवस्थापक आपला वेळ माल सुधारण्यात घालवीत नाही. फरक भरून देणाऱ्याच्या दारात घालवितो. हे निरीक्षण समाजवादी देशाबद्दल केलेले होते, पण विदर्भातल्या सहकारी कारखान्याच्या संचालकाला ते वाचून आपलेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले असते.

तथापि ही व्यवस्था निष्कारण उभी राहिली नव्हती, हेही तितकेच ठामपणे सांगितले पाहिजे. वऱ्हाडचा कापूस ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या बंदरातून लँकेशायरला जात होता. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने व्यापाऱ्यांचे, वजनकाटे व्यापाऱ्यांचे आणि उसनवारीही व्यापाऱ्यांचीच होती. शेतकरी बोंड फुटण्याआधीच बांधला जाई. या बंधनातून त्याला सोडविण्यासाठी १९७१ चा महाराष्ट्र कच्चा कापूस कायदा झाला व १९७२ च्या हंगामात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हमीभाव, वर्षाच्या अखेरीस विक्रीतून उरेल ते शेतकऱ्याला आणि मधला दलाल बाद, अशी तिची कल्पना होती. अनेक वर्षे या योजनेने लहान शेतकऱ्याला पडत्या भावापासून वाचविले, हे तिच्या कट्टर विरोधकालाही नाकारता येणार नाही.

परंतु कारखान्याच्या अंगाने पाहिले तर काय घडले? जिनिंगचा कारखाना हा कापूस विकत घेणारा, त्याची परीक्षा करणारा, रुई व सरकी विकणारा धंदा होता. एकाधिकारात तो ठराविक दराने कापूस पिंजून देणारा कंत्राटदार झाला. गाठ कोणाच्या गिरणीत जाणार, तिच्यात पालापाचोळा किती, धाग्याची लांबी कशी, याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. कारण उत्तम गाठ बांधली म्हणून त्याला अधिक काही मिळत नव्हते व वाईट बांधली म्हणून कमीही होत नव्हते. जुनी यंत्रे तशीच फिरत राहिली. उघड्या मैदानावर कापसाच्या गंजी, त्यांवर धूळ, पाणी व ठिणगीचे भय, हे चित्र वर्षानुवर्षे बदलले नाही. आणि बाहेरचा भाव योजनेच्या भावापेक्षा चढला की पुसदच्या बाजूचा कापूस रातोरात माहूर-किनवटच्या वाटेने आदिलाबादेकडे जाऊ लागे. कायद्याने भिंत बांधली होती, पण ती राज्याच्या सीमेवर संपत होती.

आता सूतगिरणीकडे वळावे. पांढरे सोने पिकविणाऱ्याने रुई का विकावी, सूत का विकू नये, हा विचार रास्त होता. त्यातून महाराष्ट्रात कापूस उत्पादकांच्या सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या. पण त्यांच्या भांडवलाची रचना कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. ५ : ४५ : ५० असे ते प्रमाण. गिरणीला १०० रुपये लागले तर त्यांतले ५ सभासदांचे, ४५ शासनाच्या भागभांडवलाचे व ५० वित्तसंस्थांच्या कर्जाचे. गरीब शेतकऱ्याकडे भांडवल नाही, म्हणून शासनाने पुढे यावे, ही भूमिका समजण्यासारखी आहे. तिचा परिणाम मात्र वेगळाच झाला. पाटीवर नाव सभासदांचे, पैसा शासनाचा व कर्ज संस्थांचे. गिरणी बुडाली तर सभासदाचे जाणार पाच रुपये, आणि तेही हजारो सभासदांत वाटलेले. शासनाचे पंचेचाळीस जाणार, पण शासन म्हणजे कोणत्याही एका माणसाचा खिसा नव्हे. ज्याचे खरोखर नुकसान होईल असा मालकच या रचनेत उरला नाही. ती जागा मग संचालक मंडळाने घेतली. त्याच्या हाती मालकाचे सर्व अधिकार आले. तोट्याची झळ त्याला बसत नव्हती.

यात दुसरी एक अडचण होती, ती भूगोलाची. एक क्विंटल कापूस जिनमध्ये घातला की सुमारे ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतांश सरकी. दोन तृतीयांश वजन येथेच गळून पडत असल्यामुळे जिन शेताजवळ असावा हे निसर्गतःच योग्य ठरते, आणि सरकीचे तेल व ढेप यांनाही गिऱ्हाईक येथलेच, गाईम्हशींच्या गोठ्यापर्यंतचे. सुताची गोष्ट निराळी. १७० किलोची दाबलेली गाठ गिरणीत गेली की तिच्यातला फारच थोडा भाग वाया जातो. म्हणजे रुई दूर नेऊन कातली काय किंवा येथे कातून सूत दूर नेले काय, वाहतुकीत मोठा फरक पडत नाही. मग गिरणी मागाजवळ असलेली बरी ठरते. विदर्भाच्या सुताला जावे लागते इचलकरंजीला, भिवंडीला, मालेगावला. इचलकरंजीच्या गिरणीला तिचा ग्राहक त्याच गावात भेटतो. कोणत्या नंबरचे सूत आज उठते आहे हे तिला सकाळी कळते, विदर्भाच्या गिरणीला ते आडत्याकडून कळते. त्यात पुसदसारख्या गावाला रेल्वे नव्हती. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड या मार्गाचे काम एकविसाव्या शतकात हाती आले. सूतगिरण्यांची पहिली पिढी त्याआधीच थकली होती. कापूस पिकतो म्हणून सूतगिरणी चालेलच, हे समीकरण अर्धेच खरे होते. उरलेला अर्धा भाग चांगल्या व्यवस्थापनाने, स्वस्त विजेने किंवा मागांच्या उभारणीने भरून काढावयाचा होता. तो भरला गेला नाही, कारण जोवर परवाना व हमी होती तोवर त्याची निकड कोणाला भासली नाही.

ती निकड १९९१ नंतर एकामागून एक धक्क्यांनी भासू लागली. परवाने गेल्यामुळे दक्षिणेत व इतरत्र नव्या यंत्रांच्या खासगी सूतगिरण्या वाढल्या. सुताची निर्यात वाढली, तसा कापसाचा देशातला भाव जगाच्या भावाशी बांधला जाऊ लागला. २००२ मध्ये एकाधिकार सैल होऊन खासगी व्यापाऱ्याला महाराष्ट्रात पुन्हा खरेदीची मुभा मिळाली. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली. १ जानेवारी २००५ पासून कापडाच्या जागतिक व्यापारातील कोट्याची पद्धत संपली. पंधरा वर्षांच्या आत कापसाच्या बोंडापासून कापडाच्या ठाणापर्यंतचा सारा बाजार बदलला.

या बदलाला कारखान्यांनी तीन प्रकारे तोंड दिले. कोणी माल व यंत्रे बदलली. कोणी खर्चाचा भार दुसऱ्याच्या अंगावर ढकलला. आणि कोठे कारखाना तोच राहिला, पण मालक बदलला. स्थित्यंतराच्या कोणत्याही कहाणीत हे तीन मार्ग वेगवेगळे करून पाहिल्याशिवाय यशापयशाचा हिशेब लागत नाही. वर्तमानपत्रांत तिन्हींना ‘पुनर्रचना’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि घोटाळा तेथेच होतो.

पहिल्या मार्गाचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातच आहे, आणि ते ज्या जिनिंग उद्योगाला सर्वांनी मागासलेला म्हणून सोडून दिले होते त्यातले आहे. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाच्या खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा, ठराविक मर्यादेपर्यंत, अनुदान म्हणून मिळू लागला. त्यापाठोपाठ एकाधिकाराची भिंत खाली आली. पाहता पाहता जुन्या शेडच्या जागी दुहेरी रोलरची यंत्रे, आपोआप कापूस पुरविणारे पट्टे, त्याच आवारात गाठी बांधणारा प्रेस आणि फरसबंद अंगण दिसू लागले. आता स्वच्छ गाठीला अधिक भाव मिळत होता व तो जिनवाल्याच्या पदरात पडत होता. येथे एक गोष्ट अधोरेखित केली पाहिजे. हे यश निव्वळ बाजाराचे नव्हते. सार्वजनिक पैसा त्यातही होता. फरक इतकाच की शासनाचा एक रुपया कारखानदाराच्या तीन रुपयांच्या सोबतीने आला, एका निश्चित कामासाठी आला व एकदाच आला. सूतगिरणीत शासनाचे पंचेचाळीस सभासदाच्या पाचांसोबत आले, आणि त्यानंतर येतच राहिले. प्रश्न शासनाने पैसा द्यावा की देऊ नये हा नव्हता. त्या पैशाच्या शेजारी ज्याला झळ बसेल असा पैसा कोणाचा होता, हा होता.

यवतमाळजवळ १९९० च्या दशकात रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना आला, तोही याच मार्गातला. एकच कापड, निश्चित ग्राहक व मोठे भांडवल घेऊन तो उद्योग कापसाच्या प्रदेशात आला. याचा अर्थ विदर्भात कापड होऊच शकत नाही असे नाही. याचा अर्थ असा की आधी गिऱ्हाईक ठरवून मग चाती फिरविली तर ती फिरत राहते.

दुसऱ्या मार्गाची, म्हणजे भार ढकलण्याची, सर्वांत मोठी कहाणी मुंबईच्या गिरण्यांची आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्यांचे दरवाजे नीट उघडलेच नाहीत. काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले. तेथे कामगार होता, पण महामंडळाचे रुग्णालय, भविष्यनिर्वाह निधी व युनियन नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या विकासाला वाट दिली. सुतातून जे मिळत नव्हते ते जमिनीतून मिळाले. ताळेबंदाच्या भाषेत या कंपन्यांनी स्वतःला उत्तम जुळवून घेतले. गिरणगावाच्या भाषेत त्याला दुसरा शब्द आहे. नागपूरची एम्प्रेस मिल तर याहून जुनी. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू केली, १९८६ मध्ये ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद झाली. शासनाने ती वाचविली खरी, पण ती सोळा वर्षे कोणत्या मालासाठी, कोणत्या बाजारासाठी वाचवीत आहोत, हा निर्णय कधी केला नाही. नुसते जिवंत ठेवणे हे धोरण नव्हे.

हाच भार पुसदच्या परिसरात अधिक गुपचूपपणे ढकलला गेला. आधुनिक जिनमध्ये माणसे कमी लागतात. जी लागतात ती चार-पाच महिन्यांच्या हंगामापुरती व बहुधा मुकादमामार्फत. कवडी वेचणाऱ्या, गंजीवर राबणाऱ्या स्त्रियांचे नाव हजेरीपटावर असेलच याची शाश्वती नसते. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा कागदावर होता, पण हंगाम संपला की तक्रार करायला कामगारही गावात नसे. आणि सर्वांत खालच्या पायरीवर शेतकरी. जगाचा भाव पडला तेव्हा जिनवाल्याने आपला नफा भावात धरून खरेदीचा दर उतरविला. शेतकऱ्याला दर उतरविण्यासाठी खाली कोणीच नव्हते. २००६ च्या १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांना विदर्भात यावे लागले व यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले, ते या साखळीच्या शेवटच्या कडीला काय सोसावे लागले होते त्याचे प्रमाणपत्र होते. आत्महत्यांची कारणे अनेक असतात. पण उद्योगाच्या स्थित्यंतराचा हिशेब कारखान्याच्या फाटकापाशी थांबविता येत नाही, हे त्या वर्षांनी शिकविले.

तिसरा मार्ग मालक बदलण्याचा. तो साखरेत ठळक दिसतो. पूस व पैनगंगा यांच्या पाण्यावर या भागात ऊस आला व सहकारी कारखाने आले. १९९८ मध्ये साखर उद्योगाचे परवाने उठले, २०१३ मध्ये लेव्ही साखरेची पद्धत संपली. या काळात महागाव तालुक्यातील गुंजचा सहकारी कारखाना खासगी कंपनीच्या हाती गेला. उमरखेड तालुक्यातील पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना २०१० नंतरच्या दशकात सलग काही हंगाम बंद राहिला. ऊस तोच, जमीन तीच, बहुतेक यंत्रेही तीच. जो कारखाना सहकारात तोट्यात होता तो खासगी हातात चालतो, यावरून विरोधक सहकाराचा पराभव सिद्ध करतात. त्यांना उत्तर देताना रागाचा उपयोग नाही. खासगी मालकाला कारखाना अनेकदा त्याच्या उभारणीच्या खर्चाच्या मानाने स्वस्त पडतो, जुन्या देण्यांचा बोजा निम्माअधिक मागे राहतो, हे खरे. पण त्याला तोटा झाला तर तो त्याचाच असतो, हेही खरे. पहिले सत्य सांगून दुसरे लपविणाऱ्या कार्यकर्त्यावर ऊस-उत्पादक विश्वास ठेवणार नाही.

जगातील अनुभव हाच धडा अधिक मोठ्या अक्षरांत देतो. पोलंडने १ जानेवारी १९९० पासून भाव मोकळे केले व अनुदाने तोडली. कारखाने अजून सरकारचेच होते; पण १९८१ च्या कायद्याने तेथे निवडून आलेल्या कामगार परिषदा होत्या व त्यांना हिशेब पाहण्याचा, व्यवस्थापक नेमण्या-काढण्याचा अधिकार होता. कर्ज व अनुदान आटताच यांपैकी कित्येक कारखान्यांनी विक्री होण्याची वाट न पाहता स्वतःच माल बदलला, खर्च आवळला, नवी बाजारपेठ शोधली. रशियात १९९२ पासून नागरिकांना मालकीची कुपने वाटली. बऱ्याच कारखान्यांत कागदोपत्री बहुसंख्य भाग कामगार व व्यवस्थापकांचेच होते. पण हिशेब जुन्या संचालकांच्या तिजोरीत राहिला. कारखाने मालाच्या बदल्यात माल देऊन दिवस ढकलीत, कामगारांचे पगार महिनोनमहिने थकत व भागपत्रे स्वस्तात वरच्यांच्या हाती जमा होत. एका देशात कामगाराजवळ मालकी नव्हती पण माहिती होती; दुसऱ्या देशात मालकी होती पण माहिती नव्हती. स्थित्यंतरात पहिला अधिक सावरला. वेग किती असावा यावर तज्ज्ञांनी पुष्कळ वाद घातले. कामगाराच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न हा होता, की वही कोणाच्या हातात आहे.

नुसती माहिती व मालकीही पुरत नाही, हे महाराष्ट्राच्या अनुभवावरून सांगता येईल. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही बंद पडलेली कंपनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. देशभरच्या कामगार चळवळीचे डोळे तिच्याकडे लागले होते. कामगारांनी आपल्या वाट्याचा त्याग केला, कारखाना पुन्हा उभा केला व काही वर्षे तो चालविला. पुढे अडचणी आल्या त्या खेळत्या भांडवलाच्या व व्यवस्थापनाच्या. तांब्यासारखा महागडा कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो; बँक कामगारांच्या संस्थेला हात आखडता घेऊन देते; आणि कालचा युनियनचा पुढारी आजचा मालक झाला म्हणजे सहकाऱ्याला नाही म्हणणे कठीण जाते. कमानीचा प्रयोग फसला असे म्हणून फाईल बंद करणे हा अन्याय होईल. त्याने एक गोष्ट सिद्ध केली व दुसरी दाखवून दिली. सिद्ध हे केले की कामगार कारखाना सुरू करू शकतो. दाखवून हे दिले की तो चालू ठेवण्यासाठी पतपुरवठ्याची वेगळी व्यवस्था लागते, आणि ती बाजार आपण होऊन उभी करीत नाही.

यावरून पुसदच्या कार्यकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, जुनी व्यवस्था परत आणा ही मागणी सोडून द्यावी. एकाधिकार परत येणार नाही, आणि आला तरी तो सीमेवरच्या वाटेने गळत राहील. दुसरी गोष्ट, बाजार आपोआप न्याय करील ही आशाही सोडावी. जिनपुढे बैलगाडी घेऊन रात्रभर थांबलेल्या शेतकऱ्याला ती आशा कोणी सांगू नये. लढा या दोहोंच्या मध्ये, म्हणजे कारखान्याच्या आत, न्यावा लागेल.

तो लढा काही ठोस मागण्यांनी सुरू होऊ शकतो. ज्या सहकारी कारखान्यात शासनाचे भागभांडवल आहे तेथे सभासदाचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढला पाहिजे. मालाच्या किमतीतून थोडी कपात करून का होईना, पाचाचे पंधरा व पंधराचे पंचवीस झाले पाहिजेत, आणि त्या कपातीचा हिशेब ज्याच्या त्याच्या नावावर दिसला पाहिजे. वार्षिक सभेच्या आधी ताळेबंद मराठीत, सभासदाला समजेल अशा शब्दांत, गावच्या चावडीवर लागला पाहिजे. क्विंटलमागे कारखान्याला काय पडले व काय मिळाले एवढे दोन आकडे त्यात असले तरी पुष्कळ होईल. संचालक मंडळावर कामगारांचा निवडून आलेला प्रतिनिधी असला पाहिजे. शासनाची मदत अमुक यंत्रासाठी, अमुक मुदतीत, अशीच यावी. तोटा भरून काढण्यासाठी येऊ नये. हंगामी कामगाराची नोंद मुकादमाच्या वहीत न राहता कारखान्याच्या हजेरीपटावर आली पाहिजे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. बहुतेक जिन व लहान गिरण्या या संरक्षणाच्या बाहेरच पडतात. तेथे कामगाराला कायद्यापेक्षा संघटनेचाच आधार राहील.

या मागण्या कोणाला किरकोळ वाटतील. उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीचा उद्घोष करणाऱ्या चळवळीने ताळेबंद वाचायला बसावे, हे काहींना पायरी उतरल्यासारखे वाटेल. पण सामाजिक मालकी म्हणजे काय, याचे उत्तर गेल्या अर्धशतकाने कठोरपणे दिले आहे. पाटीवर समाजाचे नाव लिहिल्याने मालकी समाजाची होत नाही. ज्याला निर्णय घेता येतो, ज्याला हिशेब कळतो व ज्याला चुकीची झळ बसते तोच मालक. सहकाराच्या पहिल्या पिढीने शेतकऱ्याला पाच रुपयांचा सभासद केले आणि त्याला मालक म्हटले. बाजार आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, या कारखान्याचा मालक कोण? आणि उत्तर देण्यास कोणीही पुढे झाला नाही.

येणाऱ्या काळात कारखाने पुन्हा बदलतील. यंत्रे बदलतील, कापसाचे वाण बदलेल, पुसदला रेल्वेही येईल. शेतकरी-उत्पादक कंपन्यांच्या रूपाने आज गावोगाव नव्या संस्थांची नोंदणी होत आहे, व त्यांच्याही वाट्याला अनुदान येत आहे. कार्यकर्त्याने अशा प्रत्येक संस्थेच्या पहिल्याच सभेत उभे राहून शंभर रुपयांतले सभासदाचे किती, हे विचारावे. उत्तर पुन्हा ‘पाच’ असे आले, तर ती कहाणी पुढे कोठे जाते हे पुसदला सांगण्याची गरज नाही.